घाट पाहिजे, म्हणाली

ये गं, अशी जवळ सरक. आन् तो फोन उलटा ठेव आधी. कागदावर लिहिलंय म्हणून काय झालं, मी समोर बसून बोलतेय असंच समज, आन् आत्या बोलत असताना बोटानं वर-खाली करत बसायचं नाही. गेल्या भाऊबीजेला तुझा बाप एकटाच आला आन् करंज्यांचा डबा घेऊन एकटाच गेला. तू नाहीस. का, तर म्हणे ऑफिसात काम अडलंय. परवा फोन केलास तोही कामाचाच. "आत्या, मला सगळ्यांपुढं उभं राहून बोलायचंय, अडलेलं डोकं कसं चालवावं ह्यावर. तुला कसं गं सुचतं?" तब्येत विचारली नाहीस, म्हैस व्याली का विचारलं नाहीस, एकदम सुचण्यावरच आलीस.

सुचतं कसं ते मला नाही सांगता यायचं. मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर, आन् अर्धी बातमी फाटलेली असायची म्हणून पुढचं मनानंच जुळवायचे. तेवढीच माझी शाळा. पण न सुचणं म्हणजे काय, ते विचार. ते मी बैजवार सांगते. गेल्या दिवाळीत आमचं अख्खं घर मिळून ठप्प झालं होतं. तू आली असतीस तर तुझंही झालं असतं.

आमच्या गुऱ्हाळावर आता गुळव्या उत्तरेकडचा आहे. गुळव्या म्हणजे काहिलीपाशी उभा राहून उसाच्या रसाचा गूळ करणारा. रस कधी आला आन् कधी उतरवायचा, ते त्याच्या डोळ्यालाच कळतं. तुमच्या शिरूरच्या अंगाला अजून इथली माणसं असतील, पण नदी ओलांडून आमच्या दौंडच्या बाजूला आलं की गुऱ्हाळावर हिंदीच ऐकू येतं. तर ह्या गुळव्यानं गेल्या साली पहिल्यांदाच बायकोला बरोबर आणलं. तुझ्याच वयाची पोर. बडबडी, हसरी, पहाटेपासून काहीतरी गुणगुणत असायची. मला अम्मा म्हणायची. माझं हिंदी तुला ठाऊक आहे, "तुम इधर बैसो, हम चहा टाकतो," इथपर्यंत मजल. पण चहापुरतं ते पुरतं, आन् बायकांचं निम्मं बोलणं चहापुरतंच असतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती दारात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"अम्मा, छठ आ रहा है. घाट चाहिए."

आता मला सांग, आपल्याकडं घाट म्हणजे काय? डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. दिवेघाट म्हण, बोरघाट म्हण. मला वाटलं, पोरीला दिवाळीचं कुठं फिरायला जायचंय. आल्यापासून बिचारीनं चिपाडाच्या ढिगाशिवाय काही पाहिलं नव्हतं. छठ म्हणजे तिकडं डोंगरावरची एखादी देवी असंल.

"घाट ना? हाय की! यवतच्या मागं हाय, झकास घाट हाय. मी जीप सांगती."

तिनं माझे पायच धरले. मला कळेना, घाट बघायला एवढं काय पाया पडायचं. पण लहान माणूस पाया पडलं की आशीर्वाद द्यावा, कारण विचारू नये.

भाऊबीज उरकली आन् दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी, माझी धाकटी जाऊ आन् ती. ती जीपमध्ये चढली तर हातात केरसुणी!

जाऊ माझ्या कानाशी लागली. "आक्का, हिच्या हातात केरसुणी कशाला?"

मी विचारलं. ती म्हणाली, "जगह साफ करनी पड़ेगी न, अम्मा."

"बघ," मी जावेला म्हटलं, "किती स्वच्छतेची पोर हाय. सरकारी रस्ता झाडायला निघालीय. नाहीतर तू, अंगणसुद्धा मधलंच झाडतीस."

घाटाच्या पहिल्या वळणाला जीप थांबवली. खाली शेतं, वर डोंगर, कठड्यावर माकडं. वारं सुटलेलं. मी हात पसरून म्हटलं, "हे बघ. घाट!"

तिनं खाली बघितलं. वर बघितलं. माकडाकडं बघितलं. माकडानंही तिच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "अम्मा, पानी किधर है?"

मी पिशवीतनं बाटली काढली. "हे घे की. थंड हाय, माठातलं भरलंय."

तिनं बाटली हातात घेतली, कठड्यावर बसली आन् रडायलाच लागली. केरसुणी मांडीवर, बाटली हातात, आन् रडतेय. जाऊ म्हणाली, "लागतो बरं का घाट काहींना. लिंबू आणायला पाहिजे होतं."

शेवटी जीपवाल्यानं उलगडा केला. तो आधी ट्रकवर होता, तिकडं जाऊन आलेला. "आजी, ह्यांच्याकडं घाट म्हंजी नदीच्या पायऱ्या. छठ म्हंजी सूर्याचं व्रत. पाण्यात उभं ऱ्हाऊन बुडत्या सूर्याला अर्घ्य देत्यात, आन् दुसऱ्या दिवशी उगवत्याला. तवर पाणीसुद्धा पीत न्हाईत." मी तिच्या हातातली बाटली गुपचूप काढून घेतली, उगाच.

मग घाटात बसूनच तिनं सगळं सांगितलं, अर्धं तिच्या हिंदीत, अर्धं जीपवाल्याच्या मराठीत. हे व्रत तिच्या सासूचं. सासू म्हातारी झाली, पाण्यात उभं राहवत नाही, म्हणून ह्या वर्षी तिनं ते सुनेच्या हाती सोपवलं. तेही फोनवर, कारण हिला गावी जाता आलं नाही. दिवाळीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आन् इकडं नवऱ्याला चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, पेटवायची. एकदा घेतलं की हे व्रत दर साली करायचं, मोडायचं नाही. सासूनं तिच्या सासूकडनं घेतलेलं. आन् हिच्या हातात आलं तर पहिल्याच साली घाट नाही. "मेरे हाथ से टूट जाएगा, अम्मा," एवढंच ती परत परत म्हणायची.

भाषांतर लागलं नाही. सासूनं दिलेली वस्तू पहिल्याच दिवशी हातनं पडली तर काय वाटतं, ते कुठल्या सुनेला सांगावं लागतं?

घरी आलो आन् घाट शोधायला लागलो. इथं बघ, डोकं कसं अडकतं ते. घाट म्हणजे डोंगर, हे डोक्यातनं निघालं, तर त्या जागी घाट म्हणजे नदी हे येऊन बसलं. एक खुंटा उपटला आन् दुसऱ्याला बांधून घेतलं. सगळं घर नदीभोवतीच फिरायला लागलं.

नदी आहे ना आपली. पण तिच्यावर जलपर्णीचं रान माजलेलं, काठाला गुडघाभर चिखल. आन् तिथं जायचं ते उसातनं, पहाटेच्या अंधारात. मालक म्हणाले, "बिबट्याचा उपास हाय व्हय त्या दिवशी?" झालं, नदी बाद. कालव्याचं आवर्तन सुटायला अवकाश होता, कालव्यात शेरडं चरत होती. विहिरीला पायऱ्या नाहीत. शेजाऱ्याच्या शेततळ्याला आतनं प्लास्टिकचा कागद. त्यात पाय घसरला की माणूस वर येत नाही, व्रत राहील बाजूलाच. जावेनं गोठ्यातल्या हौदाचं काढलं. "हौदात काय वाईट हाय? गोमूत्र तर आपण पवित्रच मानतो." ती पोर त्यालाही मान हलवायला निघाली होती, इतकी घायकुतीला आलेली. पण हौदावर गोठ्याचं पत्र्याचं छप्पर. सूर्य दिसायचा कुठनं?

मालक वैतागले. "तुला कुणी सांगितला नसता घाट घालायला? जीप काय, घाट काय! आपल्याला चुलवाण पेटवायचंय. मुहूर्त काढून आणलाय, भटजीला सांगितलंय."

"मुहूर्त कवाचा हाय?"

त्यांनी सांगितला. नेमका तिच्या सकाळच्या अर्घ्याचाच दिवस.

तर अशी गाठ बसली. आन् मी काय केलं सांगू? काही नाही. पावट्याच्या शेंगा सोलायला बसले. तू हसशील, पण माझा अनुभव आहे. अडलेलं मन अडेल म्हशीसारखं असतं. दावं धरून ओढलं की चारी पाय रोवतं. दावं सोडावं, आपण दुसऱ्या कामाला लागावं, मग ते आपणच मागनं चालत येतं, आन् वर तोंड लावतं शेंगांना. मात्र काम हाताला गुंतवणारं आन् डोक्याला मोकळं सोडणारं पाहिजे. शेंगा चालतात. फोन चालत नाही. फोन हातही गुंतवतो आन् डोकंही खातो.

गुऱ्हाळाच्या अंगणात बसले होते मी. जाऊ शेजारी, ती पोर समोर, तिघींचे हात चाललेले. चुलवाण लिंपून वाळत होतं, म्हणून काहील खाली काढलेली. तू पाहिली आहेस काहील. रस उकळायची ती भलीमोठी सपाट बुडाची कढई. तू लहान असताना विचारलं होतंस की ह्यात कुणाला तळतात. तर गुळव्या तीत उतरून, पाणी सोडून, नारळाच्या काथ्यानं ती घासत होता. पोटरीपर्यंत पाण्यात उभा. मधेच कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघून म्हणाला, "क्या करें अम्मा. खड़े होने भर का पानी नहीं मिल रहा."

जाऊ शेंगांवरनं मान न उचलता म्हणाली, "तू आधी बाहीर ये, मग रड. आंघोळीला बसल्यासारखा उभा हाय."

मी शेंग हातातच धरली. सोलायची सोडून.

"काय गं आक्का?"

"पुन्हा म्हण."

"काय म्हणू? आंघोळीला बसल्यासारखा..."

मी उठले, तशीच त्या पोरीचा हात धरला. "तुला घाट नको सांगूस आता मला. घाटावर जाऊन करतीस काय, ते सांग."

ती गोंधळली. मग बोटं मोडत म्हणाली, स्वच्छ पाणी. त्यात उभं राहायचं. समोर सूरज. हातात सूप.

"सूप?"

"हाँ, सूप."

सूपही त्यांच्यात सूपच! एवढ्या लांबच्या माणसाशी सूप एकच निघालं म्हटल्यावर जावेनं तिच्या पाठीवर थापच मारली. "आन् काय लागतं गं सुपात?" तर म्हणे ऊस लागतो. गुळाचे ठेकुए लागतात, म्हणजे कणीक आन् गुळाच्या तळलेल्या टिकल्या. उसाच्या रानात, गुळाच्या गुऱ्हाळात बसून ती ऊस आन् गूळ मागत होती! आन् पाण्यात तर तिचा नवरा स्वतःच उभा होता, आन् पाणी नाही म्हणून रडत होता.

पण त्याला तरी काय बोलायचं? आम्ही सगळेच तसे. काहील म्हटलं की रस दिसतो, गूळ दिसतो. नाव हे दाव्यासारखं असतं बघ. वस्तू सापडावी म्हणून बांधतो, मग ती त्या खुंट्याच्या पलीकडं चरतच नाही.

मी मालकांना सांगितलं तर ते खाटेवरनं उठूनच बसले. "काहिलीत पाय? लक्ष्मी हाय ती! पूजा करतो आपण तिची!"

"आन् घासायला उतरतो तो काय हवेत तरंगतो?"

"ते काम हाय."

"आन् हे देवाचं काम हाय."

"मुहूर्ताचं काय?"

"सूर्य उगवताना त्याला अर्घ्य दिलेली काहील चुलवाणावर चढवायची. ह्याच्यापरास चांगला मुहूर्त भटजीच्या बापाला तरी सापडंल का?"

मालक गप्प झाले. मालक गप्प झाले की होकार समजायचा, एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलंय. थोड्या वेळानं म्हणाले, "पण घासून घ्या नीट." म्हणजे पक्कंच.

पण एक सुटलं की दुसरं अडतंच. पूर्वेला आमचा ऊस, डोक्याच्या वर दीड माणूस. सूर्य उगवून वर येईस्तोवर दिसायचाच नाही. पश्चिमेला गुऱ्हाळाचं धुराडं. चिपाडं वाळत घालतो ती मोकळी पट्टी मात्र दोन्ही अंगाला उघडी, पण ती पार रस्त्याच्या कडेला. काहील तिथवर न्यायची कशी? ट्रॉलीत मावेना. सगळे पुरुष काहिलीभोवती उभे राहून डोकं खाजवत होते. जाऊ चहा घेऊन आली आन् म्हणाली, "गोल हाय न्हवं? मग उचलताय कशाला?"

काहील उभी केली आन् कडेवर गडगडवत नेली, चार जण धरायला आन् मालक पुढं "हळू! हळू!" करत उलटे चालत. रस्त्यावरच्या गाड्या थांबून बघत होत्या. एक जण ओरडला, "आजोबा, कुठल्या गाडीचं चाक हो?" मालकांनी त्याला उत्तर दिलं, पण ते लिहिण्यासारखं नाही.

मोटर लावून विहिरीचं पाणी भरलं. मधे लाईट गेली, आली. काठोकाठ भरली तरी पाणी गुडघ्यालाच. पोरीचं तोंड पुन्हा उतरलं. "कमर तक होना चाहिए, अम्मा." आता काहील काय वाढवता येते? पण जाऊ माझी, तिला आता चटकच लागली होती. म्हणाली, "पाणी वर कशाला न्यायचं? कंबर खाली आण की. आधी बसून घे, मग ऊठ आन् दे अर्घ्य."

संध्याकाळ झाली. काहिलीच्या कडेनं उसाची वाढी, शेंड्याची हिरवी पानं, उभी बांधली, पताका लावाव्यात तशी. पोर पिवळं लुगडं नेसून आली, नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदूर. उपाशी, तहानलेली, आन् तोंडावर भीती. कारण सासूला तिनं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडसच झालं नव्हतं. आन् सासू तर व्हिडिओवर येणार होती. तिचं व्रत सून कसं करते, ते बघायला.

नवऱ्यानं फोन धरला. तिकडं एक वाळकी म्हातारी, शाल पांघरलेली, मागं सगळं गाव गोळा झालेलं. पोर पाण्यात बसली, उठली, सूप उचललं.

म्हातारीनं डोळे बारीक केले. "कौन घाट है, बहू?"

गुळव्या फोन वर-खाली करायला लागला, त्यात कधी आभाळ दिसायचं, कधी मालकांचे पाय. पोरीचं सूप तसंच हवेत. तिचं तोंड बघवेना मला. मी पुढं झाले आन् फोनात डोकं घातलं.

"काहील घाट!"

"काहिल घाट?" म्हातारी म्हणाली. "बड़ा घाट है?"

"बडा मतलब... गोल है."

मागं जाऊ पदरात तोंड घालून हसायला लागली. म्हातारीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं फोन जवळ घेतला. नुसतं कपाळच दिसायला लागलं. "पानी साफ है?"

"कुवें का है. अभी भरा."

"सूरज दिखता है?"

मी गुळव्याचं मनगट धरून फोनच फिरवला. रस्त्यापलीकडं, वाळलेल्या चिपाडांच्या वर, सूर्य टेकायला आलेला, तांबडाभडक. तिकडनं म्हातारीनं दोन्ही हात जोडले.

"तो और क्या चाहिए," ती म्हणाली.

पोरीनं अर्घ्य दिलं. रडत होती का हसत होती, ते तोंडावरच्या पाण्यात कळलं नाही. पहाटे पुन्हा तेच, धुक्यात कुडकुडत, सूर्य वर येईस्तोवर. मग ठेकुए वाटले. मालकांनी एक खाल्ला, दुसरा मागितला, आन् म्हणाले, "गूळ आपला हाय म्हणून चव हाय." काहील परत गडगडली, चुलवाणावर चढली, आन् पहिला गूळ निघाला तो नेहमीसारखाच. नेहमीपेक्षा गोड होता असं मी म्हणणार नाही. जाऊ म्हणते, तिला म्हणू दे.

आता तू तुझ्या ऑफिसात हे सांगशील का, मला माहीत नाही. सांगितलंस तर जावेचं नाव आधी घे, नाहीतर ती मला जगू देणार नाही. एवढंच सांग त्यांना, की अडलेल्या माणसाला वस्तू कुठली पाहिजे ते विचारू नका. ती हातात आल्यावर काय करणार, ते विचारा. बाकी मला समजत नाही.

पण खरं सांगू, मी आज लिहायला बसले ते तुझ्या भाषणासाठी नाही. ह्या साली पाऊस लवकर उघडला. ऊस लवकर तोडणीला आला, आन् चुलवाण दिवाळीच्या आधीच पेटलंय. काहील वर चढलीय, रात्रंदिवस रस उकळतोय, ती आता उतरवता यायची नाही. आन् बायका मात्र वाढल्यात. आसपासच्या गुऱ्हाळांवरच्या तर आहेतच, पण सणसवाडीला खोली घेऊन राहणारी ह्या पोरीची नणंद, तिच्या शेजारणी, सगळ्याजणी फोन करून विचारतायत, काहील घाट कुठनं जवळ पडतो. पोर मला काही म्हणत नाही. रोज सकाळी रस्त्याकडची ती पट्टी झाडून ठेवते, तेवढंच. मालक म्हणतात, "तुझा घाट, तूच निस्तर." जाऊ म्हणते, खड्डा खणू. मी म्हणते, खड्ड्याचा चिखल होईल. आन् तिथंच आम्ही दोघी बसलोय, म्हशीसारख्या पाय रोवून.

दोन डोकी कमी पडतायत बाई. तिसरं घेऊन ये. दिवाळीच्या आधी ये, उत्तर नसलं तरी ये. यवतला उतरलीस की फोन कर, जीप पाठवते. बापाला आणलंस तरी चालेल, पण ह्या खेपेला तू पाहिजेसच.